हाफ तिकिटाचं शिबिर

माझं अक्षर वाईट आहे हे मला माहीत आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. हाताला येईल ते देत जाते. ही वही लेकीची मागच्या वर्षीची, अर्धी कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलीच तर चुकांबद्दल माफ करावं आणि लागणार नाही तो शब्द सोडून पुढं जावं.

एका माणसाबद्दल लिहून ठेवायचं आहे. ते एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर औंढ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला मुलाकडं राहायचे. मोठी माणसं त्यांना कंडक्टर म्हणायची, लेकरं कंडक्टर आजोबा म्हणायची, मी काका म्हणायची. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेराव्याला आलेली माणसं त्यांच्या नोकरीबद्दल बोलली, त्यांच्या भांडणांबद्दल बोलली. शिबिराबद्दल कुणी बोललं नाही. ते मला लागलं.

काका बसत नसत. चहा प्यायचा तरी खांबाला कंबर टेकवून, पाय फाकवून उभे राहायचे. जणू खालची फरशी आता हलणार आहे. घरात चार माणसं जमली की म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सरका." त्यांची सून फटकळ. ती म्हणायची, "मामंजी, हे घर हाय, गाडी न्हाई."

"मंग दारात काहून उभी हायेस? दरवाजा सोड."

त्यांच्याजवळ तिकिटं फाडायच्या जमान्यातला, तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा होता. तो कायम हातात असायचा. बोलता बोलता भिंतीवर, ताटावर, सायकलच्या दांड्यावर टकटक चालायची. आणि एक गंमत होती. माणसाचं नाव, तोंड त्यांच्या लक्षात राहायचं नाही. माणूस कुठं चढायचा आणि कुठं उतरायचा, ते मात्र वर्षानुवर्षं राहायचं. गल्लीतल्या निम्म्या माणसांना ते गावांच्या नावानं हाक मारायचे. मला ते जिंतूर म्हणायचे.

त्याचं कारण असं. माझं माहेर जिंतूरच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरून आत आहे. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा मी एकटीच माहेरी निघाले होते. गाडीत गर्दी होती. फाटा आला, काचेतून दिसला, आणि मागं गेला. थांबवा म्हणायला माझं तोंडच उघडलं नाही. तशीच जिंतूरला गेले आणि सगळे उतरल्यावर सीटवर बसून रडत राहिले. तेव्हा कंडक्टर जवळ आले. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पोरी, गाडीला कान न्हाईत. तुला बोलावंच लागंल." मग त्यांनी मला परतीच्या गाडीत बसवलं आणि त्या कंडक्टरला सांगितलं, "हिला फाट्यावर उतरवा. ही सांगणार न्हाई, तुमीच ध्यानात ठेवा."

तेच हे काका. कितीतरी वर्षांनी ते आमच्या दारात आले आणि चौकटीवर चिमटा वाजवून म्हणाले, "जिंतूर, कामाला येतीस का?"

उन्हाळ्यात आमच्याकडं हळदीचं काम निघतं. शिजवणं, वाळवणं, वेचणं. गल्लीतल्या बाया उजाडायच्या आत जातात. लेकरं घरी उरतात आणि दिवसभर उनाड फिरतात. काका दारात आले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतलं एक पोरगं पोहायला म्हणून विहिरीवर गेलं ते परत आलं नाही. काका त्या पोराला ओळखत नव्हते. तरी त्यांनी तेव्हापासून डोक्यात घेतलं होतं की लेकरांसाठी काहीतरी करायचं. हिंगोलीत उन्हाळी शिबिरं होतात, पण ती नोकरीवाल्यांच्या लेकरांसाठी. काका म्हणाले, "आपल्या लेकरांनी काय पाप केलं?"

एका व्यापाऱ्याचं रिकामं गोदाम त्यांनी मागून घेतलं. पुढं लांबच लांब ओसरी होती. तिची त्यांनी गाडी केली. दोन बाजूंना सतरंज्या, मधून चालायला वाट, लेकरं जोडीजोडीनं बसलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली आणि तिला पितळी घंटी. एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले म्हणजे चला. प्रत्येक कामाला गावाचं नाव होतं. चित्रं काढायची ती हिंगोली, गोष्टी सांगायच्या ती कळमनुरी, खिचडी खायची ते बाळापूर, आणि घरी सोडायची वेळ म्हणजे नांदेड. कुणाला लघवीला जायचं असेल तर हात वर करून ओरडायचं, "विनंती थांबा!" मग काका एक टोला द्यायचे, सगळं शिबिर थांबायचं, आणि ते लेकरू राजासारखं उतरून जायचं.

एका बाईनं संध्याकाळी पोराला विचारलं, "आज काय शिकलास रे?" पोरगं म्हणालं, "कळमनुरीपर्यंत गेलो, मंग माझं पोट दुखलं." ती बाई आठवडाभर हसत होती.

फीला काका तिकीट म्हणायचे. फुल सहाशे, बारा वर्षांखाली हाफ. त्यात उन्हाळाभराची खिचडी आली, रंग आले, सगळं आलं. गल्लीतल्या एकाही लेकराला बारा पूर्ण झालेले नव्हते. एकीनं मिसरूड फुटलेलं पोरगं पुढं केलं आणि म्हणाली, "अकरा पुरे व्हायचे हायेत अजून." काका त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मिशी हाफ हाय, मान्य. बाकीचं पोरगं फुल हाय." शेवटी हाफच घेतलं. सगळ्यांचं हाफच घेतलं.

पैसे गोळा करायला त्यांनी मला पाठवलं. मी नाही नाही म्हणत होते. मला दारात जाऊन मागायचं म्हणजे मरण. ते म्हणाले, "माझ्या हाती बाया देणार न्हाईत. तुझ्या हाती देतील. तुझ्याबद्दल गल्लीत कुणी वाईट बोलत न्हाई."

"मी बोलतच न्हाई काका, मंग वाईट काय बोलतील?"

"तेच तर."

मी गेले. घरोघर गेले. एक वैनी म्हणाली, "अगं माय, ही बोलायला लागली! ह्याच्यासाठी तरी घे तीनशे." ती थट्टा होती, पण तिनं दिले. सगळ्यांनी दिले. हळदीच्या मजुरीतले, कपाटाच्या कागदाखाली ठेवलेले. प्रत्येक नोट माझ्या हातावर ठेवलेली होती. हे मला नंतर फार आठवलं.

माझं काम लेकरं सांभाळायचं. नाक पुसायचं, पाणी पाजायचं, खिचडी लावायची, भांडणं सोडवायची. लेकरांशी बोलताना मला लाज वाटत नाही. ती माझ्याकडं तसं बघत नाहीत. त्या महिन्यात मी जेवढं बोलले तेवढं आयुष्यात बोलले नव्हते. संध्याकाळी घसा दुखायचा आणि बरं वाटायचं.

त्यात पूर्वा नावाची एक मुलगी होती. सात वर्षांची. तिच्या बापाची देवळाजवळ रसवंती होती. ती माझ्यासारखीच, घंटी वाजली तरी हात वर करणार नाही. एकदा ओसरीतच चड्डी ओली केली पण विनंती थांबा म्हणाली नाही. तेव्हापासून मी तिच्याकडं डोळा ठेवून असायची.

मे महिन्यात काकांनी लेकरांना धरण दाखवायचं ठरवलं. सिद्धेश्वरला. टमटमवाला कमी पैशात न्यायला तयार होता. काका ऐकेनात. "लेकरं एसटीनंच जातील. टमटमला घंटी असते का?"

गेलो. पाण्यापासून लांब, झाडाखाली बसवलं. कुणी पाण्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. सगळ्यांनी पाणी डोळ्यांनी पाहिलं, मुरमुऱ्याचा चिवडा खाल्ला, गाणी म्हटली. खाली काठाला भोई लोकांची जाळी पसरलेली होती. त्यांची दोन-तीन लेकरं चिवड्याच्या वासानं वर आली. मी त्यांनाही कागदावर थोडा थोडा दिला. परतीची गाडी आली तशी पळापळ झाली. काका दारात उभे राहिले, एकेकाला आत घेतलं, मग मधल्या वाटेनं चालत प्रत्येक डोक्यावर चिमटा टेकवून मोजलं. आयुष्यभर त्यांनी असंच मोजलं होतं. म्हणाले, "बराबर." गाडीच्या खऱ्या कंडक्टरनं दोन टोले दिले.

मी मागं होते, एक लहान लेकरू मांडीवर घेऊन. गाडी थोडी पुढं गेली तेव्हा माझी नजर पूर्वाच्या जागेवर गेली. तिथं एक पोरगं बसलं होतं. केस ओले, अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, मूठभर चिवडा गालात. मी सगळ्या सीटा पाहिल्या. परत पाहिल्या. पूर्वा नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. डोक्यावरून दोरी जात होती. मी उठून ती ओढली.

गाडी थांबली. तरुण कंडक्टर ओरडला, "कोण ओढली घंटी? मावशी, इथं थांबा न्हाई."

सगळी गाडी माझ्याकडं वळली. मी फक्त काकांकडं पाहिलं. "काका, पूर्वा न्हाई."

"मोजले ना मी. बराबर हायेत."

"मोजले बराबर. पण हे आपलं न्हाई." मी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांनी वाकून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "कोणाचा रे तू?"

"भोयाचा," ते चावत चावत म्हणालं. "मला गाडीत बसायचं होतं."

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो सांगता येत नाही. त्यांनी पोराचा हात धरला, उतरले आणि उन्हात पळत सुटले. त्या वयात, डांबरावर. एक चप्पल रस्त्यातच राहिली.

गाडीत कुरबुर सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "आता काय इथंच मुक्काम का?" तरुण कंडक्टर त्याला म्हणाला, "लेकरू राह्यलंय, पिशवी न्हाई. बसा." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी लेकरांना धरून बसले. मला पाणीच दिसत होतं. त्या दिवशी धरणात पाणी कमी होतं, तरी मला सगळीकडं पाणी दिसत होतं.

ते आले तेव्हा पूर्वा त्यांच्या खांद्यावर होती. एका म्हाताऱ्या बाईजवळ बसून ती जाळ्यातून मासे सोडवताना बघत होती. गाडी गेलेली तिला कळलंच नव्हतं. पायाला सुद्धा पाणी लागलेलं नव्हतं. काकांनी तिला माझ्याजवळ दिलं, आणि मग ते सीटवर बसले. औंढा येईपर्यंत उठले नाहीत. लेकरंसुद्धा गप्प झाली, कारण आजोबांना गाडीत बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पूर्वानंच घरी सगळं सांगितलं, हौसेनं. दिवे लागायच्या आत गल्लीला कळलं. तिचा बाप ओसरीत आला. रसवंतीवरून तसाच आलेला, हात चिकट, गळ्यात रुमाल.

"लेकरू म्हंजे पार्सल हाय का कंडक्टर? मोजून टाकलं की झालं?"

काका म्हणाले, "चूक माझी हाय. डोकी मोजली, तोंडं पाहिली न्हाईत."

"आन् पाण्यात गेली असती तर मंग काय मोजलं असतं?"

 

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळेवर दोन टोले दिले. दोनच लेकरं आली, तीही घरी न सांगता आलेली. काकांनी त्यांना घरी पोचवलं, परत येऊन सुतळी सोडली, गुंडाळली आणि गोदामाची किल्ली व्यापाऱ्याला नेऊन दिली.

आता पैशांचा प्रश्न आला. पैसे सतरंज्या, रंग, तांदूळ, बसभाडं आणि माझा पगार यात गेलेले होते. शिल्लक फार थोडी होती. बाया काकांकडं गेल्या नाहीत, माझ्याकडं आल्या. नळावर एकजण सगळ्यांसमोर म्हणाली, "आमी कंडक्टरला वळखत न्हाई बाई. पैसे तुझ्या हाती दिले." जिनं थट्टा करत तीनशे दिले होते तीच. लेकीचे वडील घरी म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं पुढं पुढं करायला? आजवर या घराकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं." मी नळावर भर दुपारी जायला लागले, जेव्हा कुणी नसायचं. मला वाटायचं, आपण गप्प होतो तेच बरं होतं.

चार दिवसांनी काका दारात आले. म्हणाले, "सगळ्यांचे सगळे पैसे परत करायचे."

मी म्हटलं, "काका, अर्धे दिवस तर झाले. अर्धेच द्या. जेवली की लेकरं."

"नियम मला शिकवू नको जिंतूर. गाडी बंद पडली तर किती कापायचे ते मला ठाव हाय. पण ज्या गाडीचं लेकरू राह्यलं, त्या गाडीचं तिकीट मी घेणार न्हाई."

"मंग माझा पगार बी घ्या."

"तू गाडी थांबवली. थांबवणाऱ्याचा पगार कापत न्हाईत."

सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतात आणि उतरताना मागून घ्या म्हणतात. तसंच काकांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर निळ्या पेन्सिलीनं तीनशे लिहून, भोवती गोल करून, प्रत्येकीला एकेक दिली. बायांनी तोंडाला पदर लावला. एक म्हणाली, "उतरताना मागायचे ना? आन् आमी इसरलो की गेले!" दुसरी म्हणाली, "ह्याची पेन्शन ती केवढी. आपल्या नातवंडांना मिळतील."

पेन्शन खरंच फार नव्हती. तरी दर महिन्याला ती आली की काका माझ्या दारात चिमटा वाजवायचे. "चल. आणले तू, देणारही तूच." मला परत दारोदार जावं लागलं. आधी मागायला जाणं मरण होतं, आता द्यायला जाणं त्याहून वाईट. काका दोन पावलं मागं उभे राहायचे आणि मी नोटा पुढं करायची. बाया चिठ्ठी शोधायच्या. काहींना सापडायची नाही, काका म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, मला ध्यानात हाय." एक म्हातारी घेईना. म्हणाली, "नको बाबा, माझ्या नातवानं लई खिचडी खाल्ली." काका तिच्यावर चिडले. "घ्या आजी. लोकाचे सुट्टे ठेवून घ्यायची सवय मी नोकरीत लावून घेतली न्हाई, आता म्हातारपणी लावू नका."

सून माझ्यावर धुसफुसायची. काकांचा चष्मा फुटला होता, काडीला दोरा बांधून ते वापरत होते. ती मला रस्त्यात अडवून म्हणाली, "गल्लीचे पैसे फेडून राह्यले, आन् डोळ्याला काच न्हाई." पण पावसाळ्यात एकदा काका तापानं पडले, तेव्हा पेन्शनच्या दिवशी तीच माझ्या दारात आली. पदरात नोटा होत्या. "घे माय, तू वाटून ये. न्हाई तर ते तापात उठून येतील."

त्या दिवशी मी एकटी गेले. पहिल्यांदा.

हळूहळू नळावरचं बोलणं बदललं. जिनं सगळ्यांसमोर सुनावलं होतं तिला पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी माझा हंडा तिनं आधी लावू दिला. शेवटी एकच नाव उरलं. पूर्वाचा बाप. तो पैसे घेत नव्हता. दोनदा गेलो, दोनदा त्यानं पाठ फिरवली. "मला पैसे नको. मला ह्या माणसाचं तोंड नको." मग देवळाजवळची त्याची जागा सुटली आणि तो वारंगा फाट्याला जाऊन रसवंती टाकून बसला.

मला वाटलं, झालं. नको म्हणतो तर नको. पण काका मध्येच बोलता बोलता थांबायचे, आणि मला कळायचं ते कशावर थांबले. जोवर तो पैसे घेत नव्हता तोवर पूर्वा त्यांच्यासाठी धरणावरच होती.

उन्हाळा परत लागला तेव्हा आम्ही वारंगा फाट्याला गेलो. गाडीत काका बसून होते. आता ते बसायचे. फाट्यावर ट्रक, हॉटेलं, टायरची दुकानं, सगळा कल्ला. रसवंती रस्त्याच्या कडेला होती. चरकाला घुंगरू बांधलेले होते. आम्हाला पाहून पूर्वाच्या बापानं ऊस चरकात घातला आणि मान वर केली नाही.

काका लांब उभे राहिले. मी पुढं गेले. पाठ करून आलेलं सगळं विसरले.

"भाऊ," मी म्हटलं, "पैसे तुमच्या घरच्यांनी माझ्या हातावर दिले होते, कंडक्टरच्या न्हाई. तुमी न्हाई घेतले तर ते माझ्याकडंच राह्यले. मला रात्री झोप येत न्हाई. त्यांच्यावर राग धरायचा तर धरा, तो तुमचा हक हाय. पण हे घ्या."

तो चरक थांबवून माझ्याकडं बघत राहिला. "त्या दिवशी घंटी तुमी ओढली ना?"

"व्हय."

"पूर्वा सांगते." त्यानं रुमालाला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. मग हात पुढं केला.

मी नोटा दिल्या. मला वाटलं तो तशाच खिशात कोंबेल. त्यानं तसं केलं असतं तर काकांना वाटलं असतं की यानं आपल्याला घालवण्यासाठी घेतले. पण त्यानं अंगठा ओला केला आणि मोजायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, रस द्या ना." तो म्हणाला, "दम धर." काकांनी दहा-वीसच्या नोटा जमवल्या होत्या, त्यामुळं वेळ लागला. मध्ये एक ट्रक गेला, तो चुकला, परत पहिल्यापासून मोजल्या. काका उन्हात तसेच उभे होते.

मोजून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडं पाहिलं.

"बराबर हायेत," तो मोठ्यानं म्हणाला. "तीनशे. काही बाकी न्हाई."

आणि गल्ला उघडून पैसे आत ठेवले.